मूळ फ्लॉपी टाका

जुन्या यंत्रांविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : यंदा उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं जुनं लाकडी कपाट हलवलं, तेव्हा मागच्या खणात सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा डबा सापडला. सहावी ते आठवीच्या गणिताचे धडे आहेत, चार फ्लॉप्या. गावातल्या एका भाऊंकडे जुना संगणक अजून चालतो. त्यांनी डॉस या जुन्या प्रणालीतून, डिस्ककॉपी या आज्ञेने नक्कल केली. नक्कल पूर्ण झाली, मध्ये एकही चूक दाखवली नाही, फाइली सगळ्या दिसतात. पण धडा सुरू केला की पडद्यावर ‘मूळ फ्लॉपी टाका’ एवढंच येतं. मूळ फ्लॉपीवर धडा चालतो, पण दहातून चार वेळा तोही अडतो. नक्कल कुठे चुकली?
– एक शिक्षिका, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी विनंती, मग उत्तर. ‘बघू आज चालते का’ म्हणून ती मूळ फ्लॉपी आता ड्राइव्हमध्ये घालू नका. एकदाही नको. दहातून चार वेळा अडते याचा अर्थ ती संपत आली आहे, आणि तुमची प्रत्येक चाचणी तिच्या उरलेल्या फेऱ्यांतून वजा होते आहे.

भाऊंचं काही चुकलेलं नाही. डिस्ककॉपी डॉसला ठाऊक आहे तेवढंच उचलते : ३६० केबीच्या फ्लॉपीचे दोन्ही बाजूंचे ४०-४० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), एका ट्रॅकवर ९ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. मोजणीवाला नकाशात दाखवलेलं शेत मोजतो, धुऱ्यापलीकडे पाय टाकत नाही, तसंच हे. नक्कल होऊ नये म्हणून प्रोग्रामला कुलूप लावणाऱ्यांनी किल्ली, म्हणजे फ्लॉपी मूळची आहे हे ओळखायची खूण, नेमकी धुऱ्यापलीकडे पुरून ठेवली.

पुरायच्या जागा बऱ्याच होत्या. कोणी एखादा सेक्टर मुद्दाम चुकीच्या बेरजेचा लिहायचं. प्रत्येक सेक्टरच्या शेवटी त्यातल्या मजकुराची पडताळणीची संख्या असते, तीच बिघडवून ठेवायची. मग प्रोग्राम तो सेक्टर वाचून बघतो. चूक आली तर फ्लॉपी खरी, चूक आली नाही तर नक्कल. कोणी ट्रॅकचा एक तुकडा असा सोडायचं की तिथे चुंबकीय खूण ना धड असते ना धड नसते. तो तुकडा दोनदा वाचला तर दोन वेगळी उत्तरं येतात. साध्या नकलेत त्यातलं एकच उत्तर पक्कं होऊन बसतं, आणि तिथेच ती पकडली जाते. कोणी सेक्टरला भलताच क्रमांक द्यायचं. आणि कोणी सरळ ४० ट्रॅक संपल्यावर आत आणखी एक, एकेचाळिसावा ट्रॅक लिहायचं. बहुतेक ड्राइव्हचं वाचणारं डोकं तिथवर पोचतं, पण डॉस त्याला तिकडे कधी पाठवत नाही.

तुमच्या पत्रातला ‘एकही चूक दाखवली नाही’ हा शब्दप्रयोग मला फार कामाचा वाटला. बिघडवलेली बेरीज नेहमीच्या ९ सेक्टरांत असती, तर डिस्ककॉपीने तिथे तक्रार केली असती. अर्धवट खुणांचा तुकडा असता तरीही केली असती. तिने काहीच म्हटलं नाही, म्हणजे किल्ली तिच्या वाटेवरच नव्हती. माझा पहिला संशय एकेचाळिसाव्या ट्रॅकवर आहे. मूळ फ्लॉपी अधूनमधून अडते हेही त्याच्याशी जुळतं. फ्लॉपीचा बाहेरचा ट्रॅक लांब आणि आतला आखूड, पण बिट मात्र दोन्हींवर सारखेच. म्हणजे आतल्या वर्तुळात ते दाटीवाटीने बसतात आणि सगळ्यात आधी तेच वाचेनासे होतात. किल्ली ठेवायला त्यांनी फ्लॉपीतली सगळ्यात कच्ची जागा निवडली. धडा शाबूत असतो, किल्ली मरते, आणि धड्याला सोबत घेऊन जाते. मला या सगळ्या प्रकाराचा राग आहे तो याच कारणाने.

हे मी स्वतः भोगलं आहे. १९९२ साली मी तालुक्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. शाळेने वर्गणी गोळा करून एक संगणक आणि भूमितीच्या फ्लॉप्यांचा संच घेतला. संगणकाला हार्डडिस्क होती, धडे तिच्यावर उतरवलेले होते, तरी प्रत्येक तासाला ए ड्राइव्हमध्ये किल्लीची फ्लॉपी लागायचीच. दिवसाला पाच तास, पाचही वेळा तेच. बटण दाबलं की डोकं आत सरकल्याचा टक्-टक्-टक् आवाज, मग एक लांब खर्र, मग पडदा. पोट्ट्यांना तो आवाज इतका पाठ झाला होता की खर्र थोडी लांबली तरी वर्ग गप्प व्हायचा. तिसऱ्या पावसाळ्यात एकदा खर्र थांबलीच नाही. मी फ्लॉपी काढली आणि खिडकीशी धरली. लांबट खाचेतून तपकिरी चकती दिसते ना, तिच्यावर आतल्या बाजूला, मधल्या भोकाच्या जवळ, केसाएवढी बारीक चकचकीत रेघ गोल फिरली होती. बाकी चकती मखमलीसारखी. बाजूला उभी असलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, हे तं एकाच जागी घासली जी.’’ खरंच एकाच जागी. रोज पाच वेळा डोकं तिथेच जाऊन टेकत होतं.

कंपनीला पत्र लिहिलं. मूळ फ्लॉपी आणि बदलीचे पैसे पाठवा, असं उत्तर आलं. मनीऑर्डर केली. फ्लॉपी मात्र मुख्याध्यापकांनी पाठवू दिली नाही. म्हणाले, नवी येऊ द्या, मग जुनी देऊ. नवी आली नाही. दुसऱ्या पत्राला उत्तरही आलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिचा पत्तासुद्धा आता कुठे उरलेला नाही. पण पैसे मोजून घेतलेले धडे हार्डडिस्कवर जसेच्या तसे असताना दोन वर्षं आमच्या मुलांना बघता आले नाहीत, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता तुमच्या फ्लॉपीचं. सेक्टर वाचणारं कुठलंही साधन इथे उपयोगाचं नाही. चकतीवर चुंबकीय दिशा कुठे-कुठे उलटते आणि दोन उलट्यांमध्ये किती वेळ जातो, तेवढंच जसंच्या तसं टिपून ठेवणारं साधन हवं. त्याला फ्लक्स वाचणं म्हणतात. मी ग्रीझवीझल वापरतो. कीर फ्रेझर यांनी बनवलेला तळहाताएवढा बोर्ड आहे. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ड्राइव्हची ३४ तारांची पट्टी. त्याची रचना खुली असल्यामुळे वेगवेगळे लोक तो बनवून विकतात. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही लागतात, ते जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून घ्या. ड्राइव्ह मला नागपूरला बर्डीवर मिळाला नाही, शेवटी भंगारवाल्याकडे मिळाला. भंगारवाल्याला सांगून ठेवा, तो विसरत नाही.

वाचताना घाई नको. ड्राइव्हचं डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आधी एक बिनकामाची फ्लॉपी वाचून यंत्र नीट चालतं याची खात्री करा. फ्लॉपीच्या कडेला जी चौकोनी खाच आहे तिच्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलंच जाणार नाही. हे विसरू नका. विंडोज ९५, ९८ चे संगणक तर नुसती फ्लॉपी बघितली तरी तिच्या बूट सेक्टरमधलं, म्हणजे पहिल्या सेक्टरमधलं, नाव गुपचूप बदलतात, आणि कुलूप तेच नाव तपासत असेल तर चांगली फ्लॉपी तिथेच बाद होते. मग दोन्ही बाजू, प्रत्येक ट्रॅकच्या पाच फेऱ्या. आणि इथे पुन्हा धुऱ्याची गोष्ट येते : सॉफ्टवेअरला वेगळं सांगितलं नाही तर तेही चाळिसाव्या ट्रॅकवर थांबू शकतं. बेचाळिसाव्यापर्यंत वाच असं सांगा. ड्राइव्ह १.२ एमबीचा, म्हणजे ८० ट्रॅकचा असेल तर तो दोन-दोन पावलं टाकत वाचेल, तशी सूचना त्याला द्यावी लागते. त्या ड्राइव्हवर वाचन छान होतं. लिहायला मात्र तो वापरू नका, कारण त्याचं डोकं अरुंद असतं, ते जुन्या रुंद खुणा पूर्ण पुसत नाही, आणि मग ३६० केबीच्या ड्राइव्हला जुनं-नवं एकत्र दिसतं.

आमच्याकडे दुपारी भारनियमन असतं, तुमच्याकडेही असेल. वाचन चालू असताना वीज गेली तर डोकं चकतीवरच राहतं. मी पहाटे पाचला बसतो. वीज असते आणि मे महिन्यातही खोली तेव्हा जरा बरी असते.

एका फ्लॉपीची अशी फाइल वीस-तीस एमबीची होते, ३६० केबीच्या जागी. ती मोठी दिसते म्हणून तिच्यातून नुसते सेक्टर काढून बाकी टाकून देऊ नका, तसं केलंत तर पुन्हा डिस्ककॉपीच केल्यासारखं होईल. ती फाइल जपली की पुढे एम्युलेटरवर (जुन्या संगणकाचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रामवर) किंवा गोटेकसारख्या पेन ड्राइव्ह लावायच्या फ्लॉपी ड्राइव्हवर कुलपासकट चालवता येते. त्यासाठी अर्धवट खुणा सांभाळणारा फाइलप्रकार निवडावा लागतो. एचएफईची तिसरी आवृत्ती त्यातली एक.

आमच्या शाळेची ती घासलेली फ्लॉपी मुख्याध्यापकांच्या हट्टामुळे शाळेतच राहिली, आणि मी निवृत्त होताना ती मागून घेतली. गेल्या वर्षी ती याच पद्धतीने वाचली. आतल्या ट्रॅकच्या पाच फेऱ्यांपैकी तीन वाया गेल्या, दोनमध्ये सेक्टर पूर्ण आला. दोन पुरल्या. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा धडा पडद्यावर आला, हिरव्या रेघांनी आयत बनला, कर्णाने त्याचे दोन तुकडे केले आणि संगणकाने तीच दोन सुरांची शिटी मारली. घरात सगळे झोपले होते. मी तो धडा शेवटपर्यंत बघितला.

तुमच्या फ्लॉपीने अजून दहातून सहा वेळा साथ दिली आहे. म्हणजे वेळ आहे, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबण्याएवढा नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९८०च्या दशकातल्या बीबीसी मायक्रोच्या काही फ्लॉप्या आहेत, तेव्हा शाळेत तो संगणक होता. ओळखीच्या एकाने जुन्या पीसीवर लावून पाहिल्या, पीसी एकही फाइल दाखवत नाही. सगळ्याच कुलूपबंद असतील का?
– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : गुरुजी, यातल्या बहुतेक फ्लॉप्यांना कुलूपच नसेल. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी क्लास प्रकल्प सुरू केला आणि त्यात बीबीसी मायक्रो आले, त्या काळातला हा ठेवा आहे. या यंत्राची नेहमीची फ्लॉपी एकेरी घनतेची, म्हणजे बिट विरळ लिहिलेली, असते : एका ट्रॅकवर १० सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट, ४० ट्रॅकची एक बाजू म्हणजे १०० केबी. पीसी दुहेरी घनतेने लिहितो, आणि बऱ्याच पीसींच्या फ्लॉपी कंट्रोलरला एकेरी घनता वाचताच येत नाही. मोडी वाचता न येणाऱ्याला मोडीतली चिठ्ठी कोरी भासावी तसं आहे हे.

वर ताईंना सांगितलेला बोर्ड दोन्ही घनता वाचतो. वाचून झाल्यावर फ्लॉपीच्या पहिल्या दोन सेक्टरांत फाइलींची यादी दिसेल, जास्तीत जास्त ३१ नावं. यादी नीट आणि फाइलीही नीट, तर कुलूप नाही. यादीत एक-दोनच नावं आणि बाकी ट्रॅकवर भलते सेक्टर, तर कुलूप आहे. या यंत्रातली फ्लॉपी ड्राइव्ह चालवणारी ८२७१ ही इंटेलची चिप सेक्टरवर ‘पुसलेला मजकूर’ अशी खूण करू शकायची, आणि सेक्टरच्या मथळ्यात खोटा ट्रॅक क्रमांकही घालता यायचा. कुलपं बनवणाऱ्यांनी या दोन्हींचा भरपूर उपयोग केला. फ्लक्सच्या फाइलीत ते सगळं येतंच.

प्रश्न : मराठी धड्यांची फ्लॉपी वाचली, फाइली उघडल्या, पण आत नुसत्या रेघा आणि परदेशी अक्षरं. मजकूर कुलूपबंद आहे का?
– एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : नाही. तो मराठी मजकूरच आहे, इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या अक्षर-संकेतांतला. तेव्हा डॉसवर देवनागरी दिसण्यासाठी संगणकात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवायचे. कार्ड नसेल तर पीसी त्या बाइटांच्या जागी स्वतःची चिन्हं दाखवतो. इस्कीचं भारतीय मानक १९९१ चं आहे आणि युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे, त्यामुळे रूपांतराचं काम सोपं आहे, तयार प्रोग्रामही मिळतात. एकच जपा : रूपांतर नकलेवर करा, मूळ फाइलीला हात लावू नका.

प्रश्न : मुलगा म्हणतो, कुलूप तोडून नक्कल करणं गुन्हा आहे, शाळेच्या फ्लॉप्यांना हात लावू नका. खरं आहे का?
– एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, नागभीड तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, मुलगा सावध आहे ते चांगलंच आहे, पण त्याला कायद्याची दोन कलमं वाचायला द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ (१) (एए) सांगतं की संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याने नाश किंवा नुकसान यांपासून बचाव म्हणून, आणि तो प्रोग्राम ज्या कामासाठी दिला होता त्याच कामासाठी वापरता यावा म्हणून राखीव प्रत केली तर तो हक्कभंग नाही. शाळेने पावती देऊन घेतलेली फ्लॉपी, शाळेतल्याच मुलांसाठी, एक राखीव प्रत : यात बसतं.

दुसरं, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए. कुलूप तोडण्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण तो हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी केलेली कृती त्याच कलमाने बाहेर ठेवली आहे. म्हणजे तुम्ही प्रती काढून विकल्या, दहा शाळांना वाटल्या, तर तुमचा मुलगा बरोबर आणि मी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

हा वाद अमेरिकेतही झाला आहे. व्हॉल्ट नावाची कंपनी प्रोलॉक फ्लॉप्या विकायची. चकतीवर एक न पुसली जाणारी खूण असायची आणि प्रोग्राम तीच शोधायचा. क्वेड या कंपनीने ती तपासणी चुकवणारं सॉफ्टवेअर काढलं. व्हॉल्ट कोर्टात गेली आणि १९८८ मध्ये अपील कोर्टात हरली. राखीव प्रत करण्याचा ग्राहकाचा हक्क खरा आहे आणि त्या सॉफ्टवेअरचा तो रास्त उपयोग आहे, हे कोर्टाने मान्य केलं.

माझा सल्ला : पावती शोधा. सापडली नाही तर जडवस्तू नोंदवहीत त्या फ्लॉप्यांची नोंद असेल, त्या पानाचा फोटो काढून फ्लक्सच्या फाइलीजवळ ठेवा. फ्लक्स टिपून ठेवताना तुम्ही कुलूप तोडतही नाही, कुलपासकट दार उचलून ठेवता.

प्रश्न : फ्लॉप्यांवर पांढरे ठिपके आले आहेत. कापडाने पुसून लावल्या तर चालेल का?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ती बुरशी आहे. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर डोक्याखाली बुरशी आणि चकतीचा लेप दोन्ही खरवडले जातील, आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्याच घाणेरड्या डोक्याखाली जाईल. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटात हे हमखास होतं.

नाकातोंडाला फडकं बांधा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या पाकिटाची वरची कड ब्लेडने अलगद उघडा. चकती बाहेर काढण्याआधी मधल्या भोकाच्या कडेला, लेबलाच्या बाजूने, मार्करने बारीक टिंब द्या, नाही तर परत घालताना बाजू उलटी होते आणि मग तासभर कुलपाला दोष देत बसाल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते घ्या. धागे न सुटणाऱ्या कापडावर थोडं घेऊन चकती हलक्या हाताने पुसा, कापडावर तपकिरी रंग उतरू लागला की लगेच थांबा. सावलीत वाळू द्या, उन्हात अजिबात नाही. एखादी बिनकामाची चांगली फ्लॉपी उघडून तिच्या स्वच्छ पाकिटात ही चकती घाला आणि त्याच बैठकीत वाचून घ्या. ठेवायला कोरडा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. तांदळाच्या डब्यात ठेवायला पुष्कळ जण सांगतात, ते करू नका. तांदळाची भुकटी पाकिटात शिरते आणि पुढच्या वेळी डोक्याखाली तीच येते.